मुकी पात

यवतमाळहून मारेगावकडे जाताना रस्त्याकडेच्या बाभळी पुन्हा पांढऱ्या दिसायला लागल्या आहेत. बाभळीला कापूस लागत नाही, एवढं शेतीचं ज्ञान मलाही आहे. पण कापसाने फुगलेल्या गाड्या या दिवसांत रस्ताभर हेलकावे खात जातात आणि बाभळी काटेरी हात पुढे करून त्यांच्याकडून चिमूटचिमूट काढून घेतात. कोणी तक्रार करत नाही. मी एसटीच्या खिडकीला नाक लावून त्या चोरट्या बाभळी बघत असते. शेजारी बसलेले आमचे हे एका हाताने माझी पर्स धरून असतात, कारण ती मी नुकतीच मागच्या स्टँडच्या बाकावर ठेवून निघाले होते.

परवा मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो.

"नंदे, बोंडं फुटली. ये."

फोन बंद. बाई शब्द असे वापरतात, जणू साखर महाग झाली आहे. माझ्याकडे मात्र साखरेचा कारखाना आहे. तालुक्या-तालुक्यांत निरोप समारंभ, स्नेहसंमेलनं, सत्कार यांचं सूत्रसंचालन करणं हा माझा धंदा आणि माझा आजारही. फुलसावंगीला एकदा एका निवृत्त होणाऱ्या गुरुजींवर मी इतकं रंगून बोलले, की त्यांच्यासाठी आणलेली शाल बोलता बोलता मीच पांघरली आणि घरी घेऊन आले. गुरुजी बिचारे टाळ्या वाजवत राहिले.

असो. बोंडं फुटली आहेत. आणि बोंडं फुटली की मला मागच्या वर्षीचा हंगाम आठवतो. आमच्या घरातलं सगळ्यात मोठं गुपित त्या हंगामात फुटलं.

आधी रिवाज सांगते. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेच्याआधी शेतात सीतादही करतात. चांगलं भरलेलं एक झाड निवडायचं, त्याच्या बुडाशी दगड मांडायचे, त्यांना चुना-कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून उरलेला दहीभात शेतात शिंपडायचा. मग पूजा करणाऱ्या बाईने पहिली पात धरायची. पात म्हणजे वेचणारीच्या वाट्याची तासं, झाडांच्या ओळी. इथून धरायची आणि थेट पलीकडच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत न्यायची, मधे सोडायची नाही. हे सगळं साऱ्या वऱ्हाडात आहे. पण आमच्या घरात त्यावर आणखी एक कलम होतं. ही पहिली पात धुऱ्याला लागेपर्यंत शेतात कोणी एक शब्द बोलायचा नाही. ना पूजा करणारीने, ना मागच्या बायांनी, ना गड्यांनी. आमचे थोरले दीर तर खोकला आला की उपरणं तोंडात कोंबायचे. सीतामाईला शांतता लागते, अशी घरची श्रद्धा.

मी नवी नवरी म्हणून आले त्या वर्षी सासूबाई नव्हत्या, बाईंच्याच हाती सगळं होतं. सकाळचं दव अजून वाळलेलं नव्हतं. तुरीला पिवळी फुलं. बाई पुढे, मी शेजारच्या पातीत, कमरेला बांधलेली कोरी ओटी, आणि सगळीकडे अशी शांतता की बोंडातून कापूस सुटतानाचा बारीक आवाज ऐकू यावा. खरं सांगते, फार सुंदर होतं. मी जीभ दातांत धरून वेचत होते. बोंडाची वाळकी टोकं नखांच्या कडांना बोचत होती तरी 'आई गं' म्हणाले नाही. आणि अशात माझ्या पायाजवळून एक तितरीण निघाली, मागे तिची पिल्लं, एकामागे एक, जणू शाळेची सहल.

"अगं बाई, पिल्लं!"

हे मी म्हणाले नाही. हे माझ्या तोंडून झालं. मंगलाष्टकाच्या वरच्या पट्टीत झालं. वर मी पात सोडून, ओटी सांडत, पिल्लांच्या मागे पार तुरीत गेले. परत आले तेव्हा सगळ्या बाया पदराआड हसत होत्या. बाई मात्र दोन्ही हातांनी डोकं धरून उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी जे पाहिलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. त्यानंतर दर वर्षी मी सीतादहीला हजर असायची, पण बांधावर, पाण्याच्या कळशीजवळ. नैवेद्याला हात लावायची वेळ माझ्यावर आली नाही. कोणी काही बोललं नाही. आमच्या घरात न बोलण्याची पद्धत मोठी. पण मला कळत होतं, या घराच्या शेतात माझी जागा कुठे आहे ते.

आणि मला ती पात हवी होती. हसू नका. पन्नाशीला आलेल्या बाईला देवाधर्माचा मान कशाला हवा, असं वाटेल. मला मान नको होता. मला फक्त एकदा त्या घराने म्हणायला हवं होतं की, नंदा, हे तू कर.

आता मधला अंक. पडदा जरा लोहाऱ्याकडे वळवते.

यवतमाळच्या कडेला लोहाऱ्यात, कारखान्यांच्या रांगेच्या थोडं अलीकडे, केतकी मॅडमची खोली आहे. वयाने माझ्या भाचीएवढी. समुपदेशन करते. एका शाळेत 'मुलांचं लक्ष' या विषयावर तिचं भाषण होतं आणि सूत्रसंचालन अर्थात माझं. ती बोलली छान. काही मेंदू कसे एका वेळी दहा खिडक्या उघडतात, वस्तू कशा हरवतात, जीभ कशी विचाराच्या पुढे पळते, आणि हे मोठेपणीही कसं राहतं, वगैरे. मग समारोपाला मी उठले. तिच्या प्रत्येक मुद्द्याला मला घरचंच उदाहरण सापडत गेलं. शालीचं सांगितलं. दुधाच्या पातेल्याचं सांगितलं. स्वतःच्याच बहिणीच्या साखरपुड्याला मी चुकून शेजारच्या हॉलमध्ये जाऊन जेवून आले, तेही सांगितलं. पालक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. मी टाळ्या घेत खाली उतरले तर केतकी मॅडम हसत नव्हती. म्हणजे हसत होती, पण मऊ. म्हणाली, "चहा घ्यायचा का माझ्याबरोबर?"

त्या चहानंतर नागपूरच्या डॉक्टरांनी रीतसर तपासून नाव सांगितलं. एडीएचडी. घरी आले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, मी वेंधळी नाहीये. माझं चार अक्षरांचं आहे." हे म्हणाले, "बरं. पण गॅस बंद कर."

मला भीती एकच होती. ही पोरगी आता पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्यातलं जे सैल आहे ते सगळं आवळणार. मग गोष्टी कोण सांगणार? पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर परीक्षेला बसल्यासारखी बसले. पाठ सरळ, हात मांडीखाली दाबलेले.

ती म्हणाली, "हात का दाबून ठेवलेत?"

"चांगली वागतेय."

"इथे वागायचं नाही. इथे नुसतं असायचं."

मंडळी, मी मांडीखालचे हात बाहेर काढले. थोड्या वेळाने मी उठले आणि त्या खोलीत फेऱ्या मारत बोलायला लागले. तिने खुर्ची भिंतीला सरकवून मला रस्ता करून दिला. बस्स. हीच तिची पद्धत. माणूस सरळ करण्याऐवजी खुर्ची सरकवायची.

महिन्यातून एका रविवारी तिथे आम्हा मोठ्या माणसांची बैठकही असते. कोणी कोणाला सुधारत नाही. बँकेतले एक साहेब येतात, ते खिशात नदीतला एक गुळगुळीत गोटा ठेवतात आणि बोलताना तो अंगठ्याने चोळत राहतात. "कॅशच्या खिडकीवर हा नसता तर मी कधीच राजीनामा दिला असता," म्हणाले. मी तो हातात घेऊन पाहिला. खरंच, छान होता. अशा खोलीत चांगलं वागायची सक्ती नसली की माणसं आपोआप किती चांगली वागतात!

घरीही हळूहळू खुर्च्या सरकल्या. दाराशी किल्ल्यांसाठी लाल दोरीची खुंटी आली. कुकर लावला की मी लाकडी पळी हातात धरूनच घरभर फिरते, म्हणजे हात विचारतो की ही कशाला धरली आहे. आणि आमचे हे! जन्मभर विचारत आले, "लक्ष कुठे आहे तुझं?" केतकी मॅडमला एकदा भेटून आल्यावर त्यांनी प्रश्न बदलला. आता विचारतात, "काय सापडलं?" कारण माझं लक्ष गेलं म्हणजे ते कुठेतरी गेलेलं असतं, आणि बहुतेक वेळा काहीतरी घेऊन येतं. ढगातला घोडा, शेजारणीची नवी सून, पुढच्या सत्काराची पहिली ओळ. माझ्या पातीत सुटलेली बोंडं माझ्या मागून हा माणूस मुकाट वेचत आला आहे, हेही मला त्याच दिवसांत दिसलं. ते आधी दिसत नव्हतं, कारण मी पुढे पाहत होते.

आणि मग मागच्या वर्षी, दसरा झाल्यावर, बाईंचे गुडघे गेले.

"यंदा सीतादही तुले करा लागते," बाई फोनवर म्हणाल्या. "मले वाकता येत नाही. तोंड बंद ठेवून कराचं. जमन काय?"

"जमन ना बाई!"

"नाही जमन तं सांग. मंग बंद करू. इतकी सालं झालं, पुरे झालं."

बंद करू! म्हणजे माझ्या तोंडावर आमच्या घरची सीतादही टिकणार की संपणार, हे ठरणार होतं. मी सराव सुरू केला. सकाळी चहापासून मौन. पहिल्या दिवशी ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी शेजारीण विचारायला आली की भांडण झालं का. जीभ धरून ठेवली की माझे पाय हलायचे, पाय धरले की हात, हात धरले की डोक्यात गिरणी सुरू व्हायची. दुपारपर्यंत मी अशी दमायची की जणू विहीर खोदली आहे. केतकी मॅडमकडे जाऊन मी रडलेच. म्हटलं, "एक पात. फक्त एक पात गप्प राहता येत नाही मला."

"मौन कोणाला हवंय?" तिने विचारलं.

"सीतामाईला."

"कोणाला सांगितलं तिने तसं?"

वीसेक वर्षांत मी हा प्रश्न विचारला नव्हता, आणि मी तर रस्त्यावरच्या म्हशीलाही प्रश्न विचारणारी बाई.

गुडघे दाखवायला बाई यवतमाळला आमच्याकडे आल्या. रिक्षात बसल्यापासून त्यांनी पदराने कान घट्ट दाबले होते. तसे त्या नेहमीच दाबतात. मी समजायची वाऱ्याने. लग्नकार्यात बँड सुरू झाला की त्या गोठ्यात जाऊन बसायच्या. मी समजायची त्यांना माणसं आवडत नाहीत. त्या दिवशी डॉक्टरांकडून थेट लोहाऱ्याला जायचं होतं, माझी वेळ ठरलेली होती. म्हटलं, बाई बाहेर बाकावर बसतील. पण बाहेर कारखान्याची घरघर, आणि केतकी मॅडमनेच त्यांना आत बोलावलं. खोलीत पडदे ओढलेले, ट्यूबलाइट बंद, कोपऱ्यात पिवळा दिवा. भिंतीवरच्या खुंटीला कानावर घालायचे जाडजूड हेडफोन टांगलेले असतात. गाणी ऐकायचे नव्हेत, बाहेरचा आवाज अडवायचे.

"हे काय होय वो?" बाईंनी विचारलं.

केतकी मॅडमने ते काढून त्यांच्या हातात दिले. बाईंनी पदरावरूनच कानावर चढवले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत मी तो चेहरा आठीशिवाय पाहिलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. आठी हळूहळू उलगडली. खांदे खाली आले. मग बाई एका कानावरचं उचलून म्हणाल्या, "कोनं बंद केलं?"

"काय बाई?"

"सारं."

मग बाईंनीच बोलायला सुरुवात केली, आणि मी त्यांना इतकं सलग बोलताना पहिल्यांदा ऐकत होते.

"सासूबाईच्या टायमाले सीतादहीले लय कल्ला राहे. बाया गानं म्हनत, पोट्टे थाया-वाट्या वाजवत. माह्यं डोकस्क फुटे. पहिल्या पातीत मले वाटे, फेकून द्यावं सारं अन् पयून जावं. पन सुनेनं सांगावं कोनाले? मंग सासूबाई गेल्या. सारं माह्या हातात आलं. तं मी घरी सांगतलं, सीतामाई सपनात आली, म्हने मले शांतता पायजे."

"खरंच आली होती?" मी विचारलं.

"कायची येते! सपनाले झोप तं लागली पायजे ना!"

मी केतकी मॅडमकडे पाहिलं. केतकी मॅडम पडद्याकडे पाहत होती आणि तिचे खांदे हलत होते. माझ्या डोळ्यांसमोर आमचं अख्खं घर उभं राहिलं. वर्षानुवर्षं तोंडात उपरणं कोंबणारे दीर, ओठांवर बोट ठेवलेले गडी, श्वास रोखलेल्या बाया. सगळे एका न पडलेल्या स्वप्नापुढे हात जोडून! मी इतकी हसले की खाली बसावं लागलं. बाईंनी पटकन कानावरचं पुन्हा दाबून घेतलं आणि माझं हसणं थांबेपर्यंत शांतपणे वाट पाहिली.

"ते तितराचं झालं तवा," मी डोळे पुसत हळू आवाजात विचारलं, "तुम्ही माझ्यावर किती रागावल्या होत्या ना?"

"राग कायचा? मले वाटलं कोनं कानात खिळा ठोकला. वर्षभरात तेवढीच एक सकाय माही राहे, नंदे. तेवढीच."

हसणं कुठल्या कुठे गेलं. एका बाईने देवीच्या नावाने वर्षातली एक सकाळ स्वतःसाठी मागून घेतली होती. स्वतःच्या नावाने मागितली असती, तर कोणी दिली असती?

"मॅडम," बाई म्हणाल्या, "हिले जसं नाव सांगतलं, तसं माह्यं बी काही राहीन काय?"

"असू शकेल. नाव हवं असेल तर शोधू. नको असेल तरी ही खोली तुमचीच आहे."

बाईंनी विचार केला. "नाव राहू द्या. हे कानझाकने भेटतीन काय?"

मग खरा पेच आला. मी म्हटलं, "मला बोलल्याशिवाय पात जात नाही, बाईंना बोललेलं सोसत नाही. आता काय करायचं?" मला वाटलं, केतकी मॅडम आता काहीतरी शहाणं बोलेल. तिने फक्त विचारलं, "शेत केवढं आहे?"

बाई आणि मी एकमेकींकडे पाहत राहिलो.

सीतादहीच्या आदल्या संध्याकाळी ओसरीत सगळे बसले होते. दीर, ह्यांच्या शेजारी मी, पुतणे, सुना. बाईंनी घसा साफ केला, म्हणजे काहीतरी मोठं होतं.

"सीतामाई सपनात आली," बाई म्हणाल्या.

दिरांनी तिथल्या तिथे हात जोडले. "काय म्हने?"

"म्हने, लय झाली शांतता. आता धाकटीच्या तोंडून ऐका लागते. पन म्हने थोरलीनं पलीकडच्या धुऱ्यावर बसाचं, कान झाकून."

"कान झाकून काहून?"

"हे तिलेच इचारा," बाईंनी ठासून सांगितलं. दीर काही इचारायला गेले नाहीत. मी ह्यांच्या खांद्यात तोंड लपवलं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. नटीसारखी मिरवत मी गावोगाव हिंडते, आणि खरी नटी आमच्या ओसरीत बसलेली!

सकाळी दगड मांडले, चुना-कुंकू लावलं. दहीभात शिंपडला. पूजेपुरती मी गप्प होते, आणि गंमत म्हणजे ते जड गेलं नाही. सक्ती नव्हती ना! पलीकडच्या धुऱ्यावर निंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या, पदरावरून कानझाकणे चढवलेले, दुरून एखाद्या विमान चालवणाऱ्या बाईसारख्या. मग मी पात धरली आणि तोंड सोडलं. मागच्या बायांना शालीची गोष्ट सांगितली, दुधाची, साखरपुड्याची. बाया हसत होत्या आणि ओट्या भरत होत्या. कापूस दवाने अजून जरा थंड होता. दोनदा मी शेजारच्या पातीत शिरले. मागून येणाऱ्या बाईने न बोलता माझी सुटलेली बोंडं आपल्या ओटीत घेतली आणि कोपराने मला परत माझ्या तासात ढकललं. अशी ती पात, वाकडीतिकडी, बोलत बोलत धुऱ्याकडे सरकत गेली. निंब जवळ आला तसा माझा आवाज आपसूक उतरत गेला. कोणी सांगितलं नव्हतं. समोर डोळे मिटून बसलेली बाई दिसत होती, एवढंच.

धुऱ्याला पोचले. शेवटचं बोंड वेचलं, तो कापूस बाईंच्या ओंजळीत ठेवला. बाईंनी डोळे उघडले. मागे बाया खिदळत होत्या, शेत सगळं ऊन होऊन पसरलं होतं. बाईंनी कापूस पदरात बांधला. खुर्ची थोडी बाजूला सरकवून धुऱ्याच्या गवतावर माझ्यासाठी जागा केली. मी बसले. तुरीच्या बाजूला काहीतरी खसफसलं.

बाईंनी एका कानावरचं उचललं.

"ते तितराचं काय झालं होतं वो पुढं? तू तुरीत गेल्ती तं पिल्लं भेटली का नाही? सांग आता." आणि मग, मी तोंड उघडायच्या आत, बोट वर करून, "पन हयू आवाजात."